हत्तीच्या मापाची काडतुसं

माझा नवरा झुरळ मारत नसे. आम्ही शारजात अल मजाजला राहायला आलो तेव्हा त्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात झुरळांचा सुळसुळाट होता. मी चप्पल घेऊन धावले की हा भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि म्हणायचा, "अगं, स्प्रे मार. असं चिरडू नकोस, कसंतरी होतं." हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकलं की लोकांना वाटतं मी कुणा शिकाऱ्याशी लग्न केलं होतं. मी लग्न केलं होतं पुण्यातल्या एका इंजिनिअरशी. रविवारी आईच्या हातचं श्रीखंड खाऊन दुपारी घोरत पडणाऱ्या, एकदम साध्या माणसाशी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवत होते. नवरा दुबईच्या जबल अली बंदरात क्रेन आणि वजन उचलायची यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत होता. तिथले वजनकाटे, ताण मोजायची यंत्रं तपासायची आणि बरोबर करून द्यायची, हे त्याचं काम. हात अतिशय हलका, नजर बारीक. घरी मीठसुद्धा चिमटीत घेऊन क्षणभर बघायचा आणि मग टाकायचा.

कंपनीचा मुख्य साहेब आफ्रिकेत वाढलेला गोरा होता. बापाचे तिकडे कॉफीचे मळे होते म्हणे. साठीला आलेला, उंच, मानेवर उन्हाने भाजलेल्या सुरकुत्या. एक दिवस तो रुमालात गुंडाळलेला छोटा तराजू घेऊन नवऱ्याच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "हा खोटं बोलायला लागलाय. बघ जरा." नवऱ्याने तो जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त करून दिला. साहेब त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारून "थँक यू" म्हणाला. त्या संध्याकाळी नवरा असा घरी आला, जणू त्याला कुणी शाल-श्रीफळ दिलं होतं.

तो तराजू बंदुकीची दारू मोजायचा होता.

साहेबाकडे जुन्या इंग्लिश रायफली होत्या, शेजारी शेजारी दोन नळ्यांच्या. हत्ती, गवा असली मोठी जनावरं मारायला शंभरेक वर्षांपूर्वी बनवायचे तशा. परवाने, शिक्के सगळं व्यवस्थित होतं, असं नवरा मला पुन्हा पुन्हा सांगायचा. या रायफलींची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली होती. मिळालीच तरी साहेबाला पसंत पडत नसत. म्हणून तो ती स्वतः भरायचा. उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जपून आणायच्या, घासूनपुसून लख्ख करायच्या, पुन्हा मापात बसवायच्या, मग दारू तोलून आत घालायची आणि तोंडाला अंगठ्याएवढी गोळी दाबून बसवायची. जुमेऱ्याच्या त्याच्या व्हिलात मागच्या बाजूला एक खोलीच त्यासाठी होती. दर शुक्रवारी नवरा तिथे जायला लागला.

सुरुवातीला मला हसू यायचं. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, "शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी हा कुठे असतो गं?" तर मी म्हणायची, "दारू भरायला गेलेत." त्या गप्पच व्हायच्या. मग समजावून सांगावं लागायचं.

हसू लवकरच संपलं. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला की शर्टाला एक वास यायचा. बंदुकीचं तेल, धातूचा कीस आणि त्यात जळकट, नाकात चढणारं काहीतरी. नखांच्या कडा काळ्या. पूर्वी शुक्रवारी कणीक तो मळायचा, तेवढीच माझ्या हाताला सुट्टी. एकदा तो हात धुऊन परातीशी बसला आणि मी पाहिलं, कणकेत राखाडी रेघ उमटली होती. मी ती सगळी कणीक कचऱ्यात टाकली. "शिसं असेल त्यात," मी म्हटलं. "मुलीच्या पोटात जाईल." तो म्हणाला, "शिसं नाही, नुसतं पितळ आहे." जणू त्याने फरक पडत होता.

शिवाय त्याचं बोलणं. जेवताना दुसरा विषय नाही. दोन नळ्यांची रायफल म्हणजे काय गंमत असते, तर दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारा करतील अशा बेताने कारागिराने त्या जोडलेल्या असतात. दारू जरा कमी-जास्त झाली, गोळीचं वजन जरा बदललं, की एक गोळी डावीकडे जाते, दुसरी उजवीकडे. प्रत्येक रायफलीला तिचीच मात्रा शोधावी लागते. "ती रायफल आपल्याला सांगत असते," तो म्हणायचा, "फक्त ऐकायला पाहिजे." माझी आमटी त्याच्या पानात निवत असायची. आमची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती "ओके, बाबा" म्हणून टीव्हीपुढे निघून जायची. मीच उरायची ऐकायला.

मात्रा शोधायची तर रायफल उडवून बघावी लागते. साहेब त्याला नेमबाजीच्या रेंजवर न्यायला लागला आणि एका शुक्रवारी त्याने नवऱ्याच्याच हातात रायफल दिली. नवरा घरी आला तो उजवा हात पोटाशी धरून. शर्ट काढला तर खांद्यापासून छातीपर्यंत काळंनिळं. मी आंबेहळद उगाळून गरम लेप लावला. लेप लावताना मी रडत होते आणि हा हसत होता.

"फार जोरात धक्का बसतो गं," तो म्हणाला. "गाढवाने लाथ मारावी तसा."

"आणि पुढच्या बाजूला जो असेल त्याला?"

"काय?"

"ज्याच्याकडे तोंड करून उडवतात त्याला काय बसत असेल?"

"आम्ही कागदावर मारतो," तो म्हणाला आणि दुखऱ्या खांद्यावर शर्ट चढवायला लागला.

मग एका दुपारी साहेबाने आम्हां तिघांना जेवायला बोलावलं. लंडनहून एक म्हातारा विक्रेता आला होता आणि साहेबाला नवी रायफल निवडायची होती. नवी म्हणजे जुनीच, पण त्याच्याकडे नसलेली. मी त्या व्हिलात पहिल्यांदाच गेले. साहेबाच्या बायकोने आमच्या मुलीला प्रेमाने एका गुबगुबीत ठेंगण्या स्टुलावर बसवलं. वर लाल चामड्याची गादी, खाली राखाडी, खरखरीत काहीतरी, कडेला पिवळट नखं. मी नखं पाहिली आणि मुलीला दंडाला धरून उठवलं. "व्हॉट हॅपन्ड, आई?" ती विचारत राहिली. तो हत्तीचा पाय होता. आत पोकळ करून, गादी बसवून केलेलं स्टूल. मुलीला मी घरी येईपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती लगेच आंघोळीला गेली.

जेवणाच्या टेबलावर हिरवी लोकरी बनात अंथरली होती आणि तिच्यावर तीन रायफली. तो म्हातारा हातमोजे घालून एकेक उचलून द्यायचा. साहेब ती खांद्याला लावायचा, डोळा मिटायचा, परत ठेवायचा. मग नवऱ्याकडे वळून विचारायचा, "तुला काय वाटतं?" माझा नवरा, जो साडी घेताना दुकानाबाहेर उभा राहतो, तो तिथे असा रंगला होता की बघवत नव्हतं. त्याने नळ्या सुट्या केल्या, खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहिल्या. मग एका बोटावर टांगून टिचकी मारली. माठ घेताना वाजवून बघतात ना, तसं. पहिलीचा आवाज बद्द आला. तो म्हणाला, "हिचे सांधे सुटलेत कुठेतरी." दुसरी घंटेसारखी वाजली. तिसरीही चांगली वाजली, पण ती सगळ्यात मोठ्या बोअरची, म्हणजे सगळ्यात रुंद नळ्यांची. साहेबाचं मन तिच्यावर होतं. नवरा म्हणाला, "सर, ही तुमच्या खांद्याला एकदा झेपेल. दुसऱ्या बाराला नेम हलणार. मधली घ्या. हिची मात्रा मी बसवून देईन."

साहेबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "हबीबी," तो सगळ्यांना म्हणाला, "या माणसाच्या हातात माझा जीव आहे."

मग मधली रायफल माझ्यासमोर धरून म्हणाला, "बघा, सुंदर आहे की नाही?"

सुंदर होती, ते मी नाकारत नाही. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मधासारखा. बाजूच्या पोलादी पट्टीवर केसाएवढ्या रेघांनी कोरलेला एक हत्ती, सोंड वर केलेला. डोळ्याभोवतीच्या सुरकुत्यासुद्धा कोरल्या होत्या. कुणीतरी हत्तीकडे किती वेळ प्रेमाने बघत बसलं असेल तेव्हा तसा हत्ती निघतो. आणि कोरला कशावर, तर त्यालाच मारायच्या हत्यारावर. मी पाणी मागितलं. परत येताना गाडीत नवरा त्या रायफलीच्या किमतीच्या दिरहमचे रुपये करत होता आणि त्यात ठाण्याला दोन बेडरूमचा फ्लॅट कसा आला असता ते सांगत होता. मी खिडकीची काच खाली केली. बाहेर भट्टीसारखी हवा होती, तरी केली.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि मुलगी सुट्टीला पुण्यात होतो. तिकडून त्याचा फोन आला. "साहेब आफ्रिकेला नेतायत. सगळा खर्च त्यांचा."

"कशाला?"

"काडतुसं सांभाळायला. आणि कॅमेरा. त्यांना टेप काढून हवीय."

"काय मारणार आहेत?"

"म्हातारा हत्ती आहे एक. सरकारने परवाना दिलेला. कळपाबाहेर पडलेला. तसाही मरणारच आहे."

"अरे, महिन्याभरात घरी गणपती बसवणार आहेस तू."

"तो आफ्रिकेतला हत्ती," नवरा म्हणाला. "आपला वेगळा."

हे तो चेष्टेत म्हणाला की मनापासून, मला अजून कळलेलं नाही. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्या खूश झाल्या. मुलगा आफ्रिकेला जातोय, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत सांगून टाकलं.

आम्ही परतलो तेव्हा तोही परतला होता. उन्हाने रापलेला, जरा बारीक झालेला. त्याने माझ्यासाठी एक बांगडी आणली होती, काळी, गुळगुळीत, दोरखंडासारखी वळलेली. हत्तीच्या शेपटीच्या केसांची. साहेबाने माझ्यासाठी मुद्दाम करून घेतली होती म्हणे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, हत्तीचा केस शुभ असतो, घाल की. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. तिकडे काय झालं ते त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही, आणि मला वाटलं, बरं झालं, याला त्रास झालेला दिसतोय, आता सुटेल हे प्रकरण.

हिवाळ्यात साहेबाकडे पुन्हा दुपारच्या जेवणाचं बोलावणं आलं. निघताना नवरा म्हणाला, "ती बांगडी घाल ना. त्यांना बरं वाटेल." मी घातली. बागेत टेबलं मांडली होती, आणखी दोन जोडपी होती, हवा छान होती. जेवण झाल्यावर साहेबाने सगळ्यांना आत बोलावलं. पडदे ओढले आणि व्हिडिओत कॅसेट घातली.

मी मुलीला बाहेर न्यायला हवं होतं. पण ती आधीच पुढे जाऊन गालिच्यावर बसली होती, आणि पहिली काही मिनिटं नुसती लांब गवताची, उभ्या जीपची, चहा पिणाऱ्या माणसांची होती. मग हत्ती दिसला. एका वाळक्या झाडापाशी उभा होता, पाठमोरा, कान हलवत. साहेब वाकून पुढे सरकत होता. हत्ती जरा वळला आणि बार उडाला.

त्याला काय झालं ते कळलं नसावं. तो एक पाऊल मागे आला, जणू कुणी दार आपटलं म्हणून दचकलाय. लगेच दुसरा बार. त्याची मागची बाजू खचली आणि तो बसला, म्हातारं माणूस आधार शोधत खुर्चीत बसतं तसा. पुढचे पाय अजून ताठ. सोंड हवेत काहीतरी चाचपत होती. आणि एक आवाज येत होता, ओला, घरघरणारा, श्वासाबरोबर आत-बाहेर.

त्या आवाजाच्या वर, अगदी कॅमेऱ्याजवळून, हसणं ऐकू आलं. आणि शब्द. "बसला! बसला! बोथ बॅरल्स, सर! बरोब्बर बसला!"

कॅमेरा ज्याच्या हातात होता, त्याचं हसणं सगळ्यात मोठं येणारच.

हत्ती उठायचा प्रयत्न करत होता. साहेब घाईघाईने नवी काडतुसं भरत होता. माझ्या नवऱ्याने तोलून भरलेली. मुलगी वळली आणि तिने विचारलं, "आई, व्हाय इज बाबा लाफिंग? इट्स नॉट डेड."

साहेबानेच टेप थांबवली, पण तिच्या प्रश्नासाठी नाही. तो नवऱ्याला म्हणाला, "इथे तू ओरडतोस ते काय आहे रे? आम्ही दर वेळी ऐकतो आणि कुणालाच कळत नाही." दर वेळी! म्हणजे शुक्रवारी दारू भरून झाली की हे बघत बसत होते. नवरा खाली मान घालून हसला. मग साहेब माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा, मॅडम."

त्या खोलीत ते शब्द कळणारी आम्ही तिघंच होतो. मी म्हटलं, "तो म्हणतोय, हत्ती बसला."

सगळे खळखळून हसले. एक बाई म्हणाली, "हाउ स्वीट."

मी उठून आतल्या बाथरूममध्ये गेले आणि जेवलेलं सगळं ओकले. तोंड धुऊन बाहेर आले तर साहेबाची बायको टॉवेल घेऊन दाराशी उभी होती. तिला वाटलं, जेवणातले मासे बाधले. मी मनगटातली बांगडी काढून तिच्या हातात ठेवली. "ही मला नको," मी म्हटलं. "रागवू नका."

तिने ती उलटसुलट करून पाहिली. "अशा बांगड्यांनी माझा अख्खा ड्रॉवर भरलाय," ती म्हणाली. "एकही घातली नाही कधी. वास येतो." मग हलकेच विचारलं, "तुमच्या नवऱ्याला सांगितलंत का?"

"आता सांगेन."

"मी नाही सांगितलं कधी," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी घालायला लागली.

शारजाच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली होती. मुलगी मागे झोपली होती, किंवा झोपल्याचं सोंग करत होती. शेवटी मीच म्हटलं, "तू हसत होतास."

"भीती वाटत होती," तो म्हणाला. "एवढं मोठं जनावर. ते आमच्या अंगावर आलं असतं तर?"

"भीतीचं हसणं नव्हतं ते. मी तुझ्याबरोबर बारा वर्षं राहतेय. मला तुझं हसणं कळतं."

त्याने स्टिअरिंगवरचे हात वर-खाली केले. मग म्हणाला, "दोन्ही बार एका जागी बसले होते. मी महिनोन्‌महिने त्याच्यासाठी घासत होतो. त्या क्षणी मला हत्ती दिसलाच नाही. खरं सांगतो, मला फक्त बार दिसले."

तो खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. साहेब हसला म्हणून मी हसलो, असं म्हणाला असता तर मी त्याची लाचारी म्हणून सोडून दिलं असतं. परदेशात नोकरी करणाऱ्याला थोडी लाचारी करावीच लागते. पण तो खरं बोलला, आणि मला शिसारी आली. शेजारी बसलेल्या या माणसाच्या हातचा चहा मी रोज पिते, असं मनात आलं. मी दाराला टेकून बसले, त्याचा स्पर्श होणार नाही एवढं अंतर ठेवून.

मला वाटलं होतं, तो आता जाणार नाही. पुढच्या शुक्रवारी त्याने जुना शर्ट घातला, किल्ल्या उचलल्या आणि गेला. मी विचारलं, "जातोयस?" तो म्हणाला, "अर्धवट काम आहे, खलास करून येतो." ते खलास व्हायला आणखी दोन हिवाळे गेले. आफ्रिकेला मात्र तो परत गेला नाही. साहेबाने विचारलं होतं. याने पाठदुखीचं कारण सांगितलं. मुलीने पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण शाळेच्या प्रोजेक्टसाठी आवडता प्राणी निवडायचा होता तेव्हा तिने पेंग्विन निवडला. बाबांनी विचारलं, का? ती म्हणाली, "बिकॉज इट लिव्ह्ज फार अवे."

दोन हजारच्या सुमारास कंपनी दुसऱ्या कुणी घेतली. साहेब निवृत्त होऊन गेला आणि त्याने रायफली पेट्यांत भरून कुठेतरी विकायला पाठवल्या. नवऱ्याचे शुक्रवार रिकामे झाले. पहिले काही आठवडे तो घरात नुसता फिरायचा. खिडकीशी उभा राहून खालच्या तळ्याकडे बघायचा. मग हळूहळू भाजी चिरायला लागला, मुलीच्या गणिताच्या वह्या तपासायला लागला, जे खरं माझं काम होतं.

एकदा आम्ही दोघं स्वयंपाकघरात असताना तो कांदा चिरता चिरता म्हणाला, "ऑफिसात माझ्यासारखे कितीतरी आहेत गं. साहेबांकडे मी एकटाच होतो. माझ्याशिवाय त्यांचं चालत नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"तुला अजून किळस येते का माझी?"

मी कुकरचं झाकण लावत होते. नाही म्हणणं सोपं होतं. आम्ही भांडत नव्हतो, दिवस बरा चालला होता.

"कधी कधी," मी म्हटलं.

त्याने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "बरं," म्हणाला, आणि लबन, म्हणजे तिथलं ताक, संपलं होतं म्हणून ते आणायला खाली दुकानात गेला.